येतंय, जातंय की परततंय? मंडळाच्या ई-मेलवर पुन्हापुन्हा उसळणारा स्पॅम

रंगपंचमीची गेर, म्हणजे आमची रंगांची मिरवणूक, होऊन दोनच दिवस झाले होते. कानातला गुलाल अजून निघाला नव्हता आणि नानांचा फोन आला. "अगं, तो कचरा पुन्हा सुरू झालाय."

नाना आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाचे कोषाध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, हिशेब पैशापैशाचा. मंडळाची वेबसाइट आणि ई-मेल मी सांभाळते, मानधन म्हणजे गणपतीतलं नारळ-शाल. दोन वर्षांतली ही चौथी खेप होती. दर वेळी मी काहीतरी करायची, दोन-तीन आठवडे बरे जायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी मी काय काय करून बसले होते ते सांगते, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. आलेला प्रत्येक पत्ता ब्लॉक केला. यादी तीनशेच्या पुढे गेली, उपयोग शून्य, कारण तो पत्ता मुळात पाठवणाऱ्याचा नसतोच. दुसऱ्या दिवशी तोच माल नव्या नावानं हजर. मग शब्दांवर फिल्टर लावला, त्यात "लकी ड्रॉ" घातलं. झालं! महिला शाखेच्या हळदीकुंकवाचा लकी ड्रॉ होता, त्याचं निमंत्रण आमच्याच फिल्टरनं गिळलं. पासवर्ड बदलला. जेल रोडवरून अँटिव्हायरस आणला. वेबसाइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याला फोन केला तर तिकडून, "दीदी, टेंशन मत लो, हमारे यहाँ से सब ओके है."

ओके नव्हतं. चूक माझी अशी की नाना ज्याला "कचरा" म्हणत होते तो एक आजार नव्हता, तीन होते, आणि मी तिन्हींवर एकच गोळी देत होते. ह्या वेळी त्यांना एवढंच विचारलं: नाना, येतंय, जातंय की परततंय?

म्हणजे असं. नको ती मेल इनबॉक्समध्ये येतेय का? की आपली चांगली मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातेय? की आपण न पाठवलेल्या मेल "पोचली नाही" म्हणून परत येताहेत? नाना म्हणाले, "तिन्ही." मग लॅपटॉप उचलून सरळ रामबागेत त्यांच्या घरी गेले.

परततंय: आधी हे बघा, कारण भीती ह्याचीच जास्त

नानांच्या इनबॉक्समध्ये "मेलर-डेमन" नावानं दीडशेच्या वर निरोप पडले होते. तुमचा संदेश पोचवता आला नाही, खातं अस्तित्वात नाही, वगैरे. खाली जोडलेली मूळ मेल औषधांच्या जाहिरातीची, आणि पाठवणारा म्हणून कोषाध्यक्षांचा पत्ता. नाना घामाघूम. "मी असलं काही पाठवलं नाही गं, देवाशप्पथ."

त्यांनी नव्हतंच पाठवलं. ई-मेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालते ते १९८२ सालचे आहेत. तेव्हाचं जाळं लहान, एकमेकांच्या ओळखीतलं. पाठवणारा स्वतःचं नाव खरं सांगतोय की नाही हे तपासायची सोय त्यात ठेवलीच नव्हती. पोस्टाच्या पाकिटासारखं आहे ते: मागच्या बाजूला प्रेषक म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं. पत्ता चुकीचा निघाला की पोस्टमन बिचारा पाकीट त्या लिहिलेल्या माणसाकडे परत आणून टाकतो. नानांच्या दारात पडत होती ती अशी दुसऱ्यांची पाकिटं.

तरी खातं फुटलेलं नाही ह्याची खात्री करून घ्यावी. सेंट फोल्डर बघितला, त्यात तसली एकही मेल नाही. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण आत शिरलेला चोर पाठवलेलं पुसूनही टाकतो. म्हणून जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंगला अनोळखी पत्ता नाही ना, फिल्टरमध्ये आपण न केलेला नियम नाही ना, आणि कोणत्या फोन-कॉम्प्युटरवर खातं उघडं आहे, हे तिन्ही बघितलं. पासवर्ड बदलूनही बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड तसंच राहिलं तर चोर निवांत वाचत बसतो. ही जागा फार जण बघत नाहीत. नानांचं सगळं स्वच्छ होतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री) मात्र बंद होतं, ते चालू केलं.

परत आलेल्या मेलमध्ये एक गोष्ट खटकली. त्या फक्त कोषाध्यक्षांच्या नावावरच्या नव्हत्या. आमच्या डोमेनवर (पत्त्यात "अॅट"नंतर येतं ते मंडळाचं नाव) कधीच नसलेल्या नावांच्याही होत्या: सेल्स, ऑर्डर, कोणी रॉबर्ट. आमच्या मंडळात रॉबर्ट! मग रॉबर्टची मेल नानांकडे आलीच कशी?

येतंय: तीन भोकं

धागा इथून सुटला. २०११ साली डोमेन घेतलं तेव्हा कोणीतरी "कॅच-ऑल" चालू करून ठेवलं होतं. म्हणजे आमच्या डोमेनवर कुठल्याही नावानं मेल आली, स्पेलिंग चुकलेलं असो की नाव सपशेल खोटं असो, तर ती एका पेटीत पडणार. हेतू चांगला होता, कोणाची देणगीची चौकशी चुकू नये. पण स्पॅमवाल्यांची यंत्रं पत्ते अंदाजानं बनवून ठोकत असतात: इन्फो, अॅडमिन, अकाउंट्स, माणसांची नावं. एरवी त्यातले बहुतेक दारातूनच परत गेले असते. आमचं दार सगळ्यांना "या, बसा" म्हणत होतं. वर ती पेटी जशीच्या तशी नानांच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड केलेली! कॅच-ऑल बंद केलं आणि त्या संध्याकाळपासूनच नानांची आवक निम्म्याच्या खाली आली. चार खेपा मी जे शोधत होते ते एका टिचकीत.

दुसरं भोक सापडलं तेव्हा मलाच लाज वाटली. मंडळाचं नाव शोधून बघितलं तर पहिल्या पानावर आमची वधू-वर सूची. पूर्ण पीडीएफ, कुलूप नाही, किल्ली नाही. नाव, शिक्षण, पालकांचा मोबाइल, ई-मेल. शेजारी दोन जुन्या स्मरणिका, त्यांत कार्यकारिणीचे पत्ते. पत्ते गोळा करणारे प्रोग्रॅम वेबपानं आणि अशा फायली रात्रंदिवस चाळत असतात, "अॅट" चिन्ह दिसलं की उचल. ती सूची अपलोड कोणी केली असेल? मीच. तीन वर्षांपूर्वी, "सभासदांची सोय" म्हणून. फायली काढल्या, शोधयंत्राला जुनं पान काढायची विनंती केली. पण जे पत्ते गेले ते गेले. एकदा यादीत गेलेला पत्ता हातोहात विकला जातो, तो परत आणता येत नाही. म्हणून कोषाध्यक्षांचा जाहीर पत्ता अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) उरकल्या की बंद करणार आहोत. नवा पत्ता कुठे छापायचा नाही, फक्त पावतीवर.

ह्याच जातीची आणखी एक सवय: सभेची सूचना १८० जणांना पाठवताना सगळे पत्ते "टू"मध्ये. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये जरी किडा शिरला तरी १८० घरांचे पत्ते बाहेर. बीसीसी वापरा, त्यात एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून मी बैठकीत तीनदा सांगितलंय. सचिवांचं म्हणणं, "पण मग कोणाकोणाला पाठवलं ते सगळ्यांना कसं कळणार?" मी म्हटलं, तेच तर कळू द्यायचं नाहीये.

तिसरं भोक वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म. कोणी फॉर्म भरला की त्याला "आपला संदेश मिळाला" असं उत्तर आपोआप जायचं आणि खाली त्याचाच मजकूर. शहाण्यानं काय करावं? स्वतःच्या पत्त्याऐवजी सावजाचा पत्ता घालायचा आणि संदेशाच्या जागी जाहिरात. आमचा सर्व्हर ती जाहिरात आमच्याच नावानं इमानदारीत पोचवणार. आपोआप उत्तर काढून टाकलं. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला. माणूस तो भरत नाही, यंत्र भरतं, आणि भरलेला दिसला की संदेश रद्द. अजून तरी कॅप्चाची गरज पडलेली नाही. आमच्या ज्येष्ठांना ट्रॅफिक सिग्नलचे चौकोन टिपायला लावणं जिवावरच येतं.

एवढा आटापिटा करून ह्या लोकांना मिळतं काय, असं नानांनी विचारलं. हिशेबाचा माणूस, त्यांना हिशेबच सांगितला. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून मोजदाद केली होती. औषधांच्या जाहिरातीच्या सुमारे ३५ कोटी मेल, २६ दिवस, आणि विक्री किती? २८. म्हणजे दर सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. तरी परवडतं, कारण पाठवायला लागणारे कॉम्प्युटर बहुतेक दुसऱ्यांचे, व्हायरस घालून हाताशी धरलेले. नाना म्हणाले, "भांडवल दुसऱ्याचं, जोखीम दुसऱ्याची. असा धंदा आमच्या बँकेत कोणी मंजुरीला आणला असता तर आधी पोलिसांना फोन केला असता."

जातंय: आपल्याच पावत्या स्पॅममध्ये

हे दुखणं सगळ्यात चिवट, आणि मंडळाला पैशाचा फटका बसला तो इथे. देणगीच्या पावत्या मेलनं जातात. गेल्या गणपतीत कितीतरी लोकांनी विचारलं, "पावती नाही आली." गेली होती, त्यांच्या स्पॅममध्ये. वर कोणीतरी पुण्याहून लिहिलं, "मंडळाला वर्गणी घेता येते, पावती देता येत नाही?"

एका सभासदाच्या जीमेलमध्ये त्या पावतीची मूळ प्रत उघडली. कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन ठिपक्यांत "शो ओरिजिनल" असतं. वरच तीन ओळी दिसतात: एसपीएफ, डीकिम, डीमार्क. आमच्या तिन्ही ओळींचे निकाल वाईट.

एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, ठेवलेली यादी: आमच्या नावानं कोणकोणत्या सर्व्हरनं मेल पाठवायची. आमची यादी होती, अडचण अशी की दोन होत्या. एक होस्टिंगवाल्यानं घातलेली, दुसरी मी, मेल सेवा बदलली तेव्हा. मला वाटलं दोन असल्या तर दुप्पट चांगलं. नियम असा की एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच. दोन दिसल्या तर घेणारा दोन्ही चूक धरतो. दोन्हींतले सर्व्हर एकाच ओळीत घालून दुसरी काढली. आणखी एक मर्यादा आहे: ती ओळ तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस चौकश्या चालतात. ज्यांनी चार-पाच सेवा जोडल्यात त्यांनी मोजून घ्यावं.

डीकिम म्हणजे मेलवर उमटवलेली मोहोर. ती सेवेच्या सेटिंगमध्ये बंदच होती. चालू करायची, मिळालेली लांबलचक किल्ली डीएनएसमध्ये चिकटवायची, बस. मेल फॉरवर्ड झाली की एसपीएफ बहुधा फसतं, मजकुराला धक्का लागला नसेल तर डीकिम टिकतं. म्हणून दोन्ही हवेत.

डीमार्क ह्या दोघांचा मुकादम. समोर दिसणारं पाठवणाऱ्याचं डोमेन आणि एसपीएफ-डीकिमनं ओळखलेलं डोमेन जुळतंय का ते बघतो, आणि जुळलं नाही तर काय करायचं ते घेणाऱ्याला सांगतो: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा परत लावा. इथे घाई करू नका. मी चिडून थेट शेवटचा पर्याय टाकणार होते. आधी "काही करू नका"वर ठेवलं आणि अहवाल मागवले. तीन आठवड्यांनी बघते तर आमच्या नावानं पाठवणारे भलभलते सर्व्हर होतेच, पण मोहोर नसलेल्या मेलींमध्ये आमची स्वतःची वेबसाइटही होती. देणगीचं पान पावत्या मेल सेवेतून न पाठवता परस्पर वेबसर्व्हरवरून सोडत होतं. घाई केली असती तर आमच्याच पावत्या मी आमच्याच हातानं परत लावल्या असत्या. पावत्या मेल सेवेकडे वळवल्या, मग दुसरी पायरी, आणि जुलैत तिसरी. "परततंय"वाल्या मेल त्यानंतर आठवड्याला दोन-चार उरल्या. खोटी मेल आता घेणारेच दारात ओळखतात.

तरी एक कोडं राहिलं होतं. तिन्ही निकाल "पास", आणि पावत्या तरी अधूनमधून स्पॅममध्ये. उत्तर त्याच जुन्या कॅच-ऑलमध्ये होतं. वर्षानुवर्षं आमचा सर्व्हर जगभरचा स्पॅम स्वीकारून नानांच्या जीमेलवर ढकलत होता. नाना त्याला नेटानं "स्पॅम" म्हणत होते. जीमेलच्या बाजूनं बघा: हा सर्व्हर रोज कचरा आणून टाकतो आणि माणूस रोज तक्रार करतो. मग पत कुणाची घसरणार? आमची. येणाऱ्या घाणीनं जाणाऱ्या पावत्या बाटल्या होत्या. कॅच-ऑल गेल्यावर महिना-दीड महिना लागला, पण पत सावरली.

पत घसरण्याचा हा मामला लहान मंडळांनाही लागू आहे. गूगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढायची सोय द्यावी लागते, आणि गूगलचं सगळ्यांनाच सांगणं आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा. आमच्या १८० जणांत एकानं जरी "स्पॅम" दाबलं तरी अर्धा टक्का ओलांडला! म्हणून ज्यांना सूचना नको आहेत त्यांची नावं मी आता न कुरकुरता काढते. पूर्वी वाटायचं, सभासद आहे तर घ्यायला काय होतं.

ज्यावर डीएनएसचा इलाज नाही

मे महिन्यात काकूंचा फोन आला. काकू महिला शाखेच्या. "अगं, गिफ्ट कार्ड कुठे मिळतं? छप्पन दुकानांत मिळेल का? अध्यक्षांना पाच हवी आहेत, तातडीनं, ते मीटिंगमध्ये आहेत." अध्यक्ष तेव्हा माझ्यासमोर बसून पोहे खात होते.

ती मेल अध्यक्षांच्या नावानं होती, पण पत्ता कुठल्यातरी फुकट सेवेवरचा. डोमेन आमचं नव्हतंच, त्यामुळे डीमार्कला त्यात बोलायला जागा नाही. फोनवर फक्त नाव दिसतं, पत्ता दिसत नाही, तिथेच फसगत. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघायला काकूंना शिकवलं आणि बैठकीत ठराव केला: पैशाचं कुठलंही सांगणं मेलवर आलं तर फोन करून विचारायचं, ठरलेल्याच नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नाही.

दुसरा प्रकार माझ्या मावसभावाकडे झाला. पाऊण तासात शेकडो मेल, सगळ्या कुठल्या कुठल्या वार्तापत्रांच्या "सदस्य झाल्याबद्दल धन्यवाद" छापाच्या. तो पुसत बसला होता. असा लोंढा अचानक आला तर पुसू नका, शोधा. बहुधा कोणीतरी तुमच्या कार्डानं खरेदी केलेली असते आणि ती एक मेल तुम्हाला दिसू नये म्हणून वर हा ढिगारा ओततात. त्याच्या ढिगात एका ऑर्डरची मेल निघालीच. आधी बँकेला फोन, मग १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. त्याचे पैसे वाचले, कारण माल निघाला नव्हता.

पोलिसांत तक्रार करता येते का, हेही नानांनी विचारलं. फसवणूक असेल तर हो. नाव घेऊन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण नुसत्या त्रासदायक जाहिरातीच्या मेलला आपल्याकडे वेगळा कायदा नाही, आणि १९०९ वर नोंदवलेलं डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) फोन आणि एसएमएसपुरतं आहे, ई-मेलला नाही.

नानांना शेवटी तीनच गोष्टी कागदावर लिहून दिल्या, मोठ्या अक्षरात. ओळखीच्या दुकानाची मेल नको असेल तर त्यातलं "अनसबस्क्राइब" दाबायचं. अनोळखी असेल तर त्यात काहीही दाबायचं नाही, "अनसबस्क्राइब"सुद्धा नाही, कारण दाबलं की तिकडे कळतं इथे माणूस राहतो. ती सरळ स्पॅम म्हणून टाकायची, पुसायची नाही, म्हणजे यंत्र शिकतं. आणि स्पॅमचा फोल्डर दर रविवारी चाळायचा, कारण जीमेल ३० दिवसांनी ते पुसून टाकतं आणि आपलं माणूस चुकून तिथे अडकलेलं असू शकतं.

२००४ साली दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. नानांना हे सांगितलं तर हसून म्हणाले, "आमच्या सभागृहाच्या गळतीबद्दलही कंत्राटदार तेच म्हणाला होता." त्यांच्याकडे रोज आठ-दहा येतात अजून. दोनशेवरून आठ-दहावर आलंय, आणि ते सगळे स्पॅममध्येच पडतात.

काल यंदाच्या स्मरणिकेची प्रुफं आली. कार्यकारिणीच्या पानावर, फोटोखाली, नानांचा ई-मेल पुन्हा छापलेला, ठळक टाइपात. लाल पेनानं काट मारून प्रुफं परत पाठवली आहेत.